स्वराची अमानत

मनुष्याच्या मुखातून निघालेल्या शब्दावर, तो निघून गेल्यानंतर, बोलणाऱ्याचा अधिकार किती उरतो, हा प्रश्न प्राचीन आहे. परंतु दूरध्वनीवरून मुलाखत घेणाऱ्या आणि ती घेत असताना बोटाच्या एका स्पर्शाने समोरच्याचा आवाज यंत्रात साठवू शकणाऱ्या वार्ताहरापुढे तो आज ज्या निकडीने उभा आहे, त्या निकडीने तो पूर्वीच्या लेखणीवाल्यांपुढे क्वचितच उभा राहिला असेल. ऐकणे, ध्यानात ठेवणे आणि लिहून काढणे या तीन क्रिया पूर्वी परस्परांपासून निराळ्या होत्या व प्रत्येकीत काही काळ जात असे. आता त्या एकाच क्षणी, आणि बोलणाऱ्याच्या नकळत, घडू शकतात. हे नकळत घडणे न्याय्य आहे काय, आणि नसेल तर त्याला अपवाद कोणते, एवढाच या निबंधाचा विषय आहे. व्यवसायातील शिष्टाचाराची बाब म्हणून त्याची वासलात लावता येईल असे मला वाटत नाही. कारण त्याच्या मुळाशी सत्य आणि अस्तेय या दोन व्रतांचा परस्परसंबंध आहे, आणि म्हणून तो धर्माचा प्रश्न आहे.

खानदेशातील वार्ताहराला हा प्रश्न ग्रंथांत शोधण्याची गरज पडत नाही. भुसावळनजीकच्या दीपनगरचेच उदाहरण घ्यावे. औष्णिक विद्युत् केंद्राभोवती वसलेल्या या वसाहतीत कोळसा रेल्वेने येतो, पाणी तापीवरील हतनूर धरणातून येते, ५०० मेगावॅटचे दोन संच आणि त्यांच्या जोडीला उभा राहिलेला ६६० मेगावॅटचा नवा संच यांची वीज दूरदूरच्या शहरांना जाते, आणि जळून उरलेली राख वेल्हाळे गावच्या शिवारातील तलावाकडे जाते. पिकांवर बसणाऱ्या राखेविषयी, कंत्राटी कामगाराच्या मजुरीविषयी, जमीन गेलेल्या कुटुंबाच्या नोकरीच्या हक्काविषयी लिहू पाहणारा तालुक्याचा वार्ताहर ज्यांना फोन लावतो, त्यांतील बहुतेकांचे तोंडही त्याने पाहिलेले नसते. कोणी पाळी सुटून घराकडे निघालेला असतो, कोणी शेताच्या बांधावर उभा असतो. ‘बोला भाऊ’ म्हणून तो मन मोकळे करतो, साहेबाचे नाव घेतो, ठेकेदाराचे नाव घेतो, संतापाच्या भरात एखादा अपशब्दही उच्चारतो, आणि आपण एका माणसाशी बोललो अशी त्याची समजूत असते. यंत्र चालू आहे हे त्याला ठाऊक नसेल, तर तो वस्तुतः अज्ञात आणि अगणित श्रोत्यांपुढे बोललेला असतो. छापील मजकुरातून नाव गाळता येते. परंतु ज्या वसाहतीत लोक परस्परांना खोकल्यावरून ओळखतात, तेथे आवाज निनावी राहूच शकत नाही, आणि ध्वनिफीत एकदा व्हॉट्सॲपवर निसटली की त्या मजुराची भाकरी ठेकेदाराच्या मर्जीवर येऊन ठेपते.

बोललेला शब्द कसा टिपावा याचा एक आदर्श याच खानदेशाने देशापुढे ठेवलेला आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे, गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने केली, आणि त्याच तुरुंगात बंदिवान असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ‘गीताप्रवचने’ हा ग्रंथ त्या टिपणांतून उभा राहिला. विनोबांनी तो आपला म्हणून स्वीकारला आणि पुढे भूदानाच्या पदयात्रेत गावोगाव नेला. या घटनेत तीन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली ही की, लेखणी दिसत होती. आपले बोलणे लिहिले जात आहे हे वक्त्याला ठाऊक होते, आणि ते ठाऊक असूनही त्याने बोलावयाचे ठरविले होते. दुसरी ही की, बोलणारा आणि लिहिणारा एकाच अवस्थेत होते. दोघेही कैदी, दोघांवर एकच पहारा, आणि टिपून घेण्यामुळे एकाला दुसऱ्यावर कोणतीही सत्ता प्राप्त होत नव्हती. तिसरी ही की, टिपलेला शब्द अखेरीस ज्याचा त्याच्याकडे परत गेला आणि त्याच्या संमतीने, त्याच्याच नावाने, जगात वावरला. दूरध्वनीवरील ध्वनिमुद्रणात या तिन्ही गोष्टी बहुधा उलट असतात: यंत्र अदृश्य, वार्ताहर आणि मजूर यांच्या सामर्थ्यात अंतर, आणि मुद्रित झालेला आवाज बोलणाऱ्याकडे पुन्हा कधीही न येणारा.

ज्या गीतेवर ही प्रवचने झाली, तिची रचनाच ऐकलेल्या संभाषणाची आहे. कृष्णाने सांगितले ते अर्जुनाला. आपल्यापर्यंत ते आले संजयाच्या मुखाने. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, सर्व सांगून झाल्यावर, स्वतः वक्ताच आपल्या शब्दांना अट घालतो: जो तपस्वी नाही, भक्त नाही, ज्याला ऐकण्याची इच्छा नाही, जो मत्सराने निंदा करतो, त्याला हे सांगू नये, आणि लगेच पुढे म्हणतो की, जो हे भक्तांमध्ये सांगेल त्याच्याहून मला प्रिय कोणी नाही. आपला शब्द पसरावा ही इच्छा आणि तो कोठे पसरावा हे ठरविण्याचा अधिकार, या दोन्ही गोष्टी एकाच वक्त्याच्या ठिकाणी एकत्र नांदू शकतात, हे येथे स्पष्ट होते. आणि संजय आपल्या श्रोत्याला हेही सांगतो की, हा संवाद मला व्यासांच्या प्रसादाने ऐकावयास मिळाला. आपण तो कोणत्या साधनाने ऐकला हे तो झाकून ठेवीत नाही. ऐकणारा ऐकलेल्या शब्दाचा मालक होत नाही, त्याच्याजवळ तो अमानत म्हणून राहतो, हा माझा सिद्धान्त आहे. आणि अमानतीचा धर्म असा की, ती ज्याने ठेवली त्याने ती ठेव म्हणून ठेवलेली असली पाहिजे, आणि ज्या कारणासाठी ठेवली त्याच कारणासाठी ती वापरली पाहिजे.

यावर असा आक्षेप निघतो की, वस्तू चोरली तर मालकाजवळ ती उरत नाही, पण आवाज मुद्रित केल्याने बोलणाऱ्याचे काहीच कमी होत नाही, मग येथे चोरी कसली? आक्षेप वरकरणी सबळ दिसतो, तथापि आपल्या परंपरेने चोरीची मीमांसा वस्तूच्या घटीवरून केलेली नाही. पतंजलींच्या यमांत अहिंसा आणि सत्य यांच्या पाठोपाठ अस्तेय येते. बौद्धांच्या पंचशीलात आणि जैनांच्या व्रतांत त्याचेच स्वरूप ‘जे दिलेले नाही ते न घेणे’ असे सांगितले आहे. म्हणजे कसोटी देण्याच्या क्रियेवर आहे, उरलेल्या मालावर नाही. फोनवर बोलणाऱ्या मजुराने काय दिले? त्याने आपले बोलणे ऐकण्यासाठी दिले, समजून घेण्यासाठी दिले, कदाचित लिहिण्यासाठीही दिले. परंतु आपला कंठ, त्यातील कंप, राग, अडखळणे, हे सारे कायम साठवून पुन्हा पुन्हा वाजविण्यासाठी त्याने दिलेले नव्हते. ते न विचारता घेणे ही अदत्त वस्तू घेणेच होय. महात्मा गांधींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या व्रतविषयक पत्रांत याहूनही पुढचे पाऊल टाकले आहे: ज्याची आपल्याला खरी गरज नाही ते दुसऱ्याच्या परवानगीने घेतले तरी त्यात चोरी आहे, असे ते म्हणतात. पत्रकारितेला लावल्यास या विचाराचा अर्थ फार कठोर होतो. समोरच्याने होकार दिला, एवढ्याने ध्वनिमुद्रण निर्दोष ठरत नाही. त्याची गरज होती काय, हेही स्वतःला विचारावे लागते. एका तारखेची वा एका आकड्याची खातरजमा करण्यासाठी केलेल्या पाच मिनिटांच्या फोनचे मुद्रण कोणत्या गरजेपोटी होते, याचे उत्तर पुष्कळदा केवळ सवय हेच असते.

दुसरा आक्षेप सत्याच्या नावाने येतो. मी खोटे बोललो नाही, मी केवळ सांगितले नाही, असे मुद्रण करणारा म्हणतो. महाभारतकारांनी या युक्तिवादाचा निकाल कधीच लावून ठेवलेला आहे. अश्वत्थामा मारला गेला हे युधिष्ठिराने सांगितले, आणि तो हत्ती होता हे इतक्या हलक्या आवाजात सांगितले की द्रोणाच्या कानी पडू नये. प्रत्येक शब्द खरा होता, आणि तरीही भूमीला न टेकता चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी खाली आला. दुसऱ्याच्या मनात खोटी समजूत निर्माण व्हावी अशा रीतीने सत्य राखून ठेवणे हे असत्याचेच रूप आहे, हा त्या कथेचा निर्णय आहे. फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाची ‘हे आपल्या दोघांतले बोलणे आहे’ ही समजूत वार्ताहराच्या मौनावर उभी असते, आणि आपले मौन ती समजूत पोसत आहे हे वार्ताहराला ठाऊक असते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, हेही पाहिले पाहिजे, कारण कायद्याचा आधार घेऊनच या प्रश्नाची बहुधा बोळवण केली जाते. महाराष्ट्रातूनच गेलेला या विषयावरचा एक प्रमुख खटला म्हणजे मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मुंबईचे कॉरोनर असलेल्या अधिकाऱ्याने एका मृत्यूच्या चौकशीत डॉक्टरांकडे लाच मागितली. एका डॉक्टरांच्या संमतीने त्यांच्या दूरध्वनीला लाचलुचपतविरोधी पोलिसांनी टेपरेकॉर्डर जोडला आणि संभाषण मुद्रित झाले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७२ मध्ये तो पुरावा ग्राह्य ठरविला; मात्र निरपराध नागरिकाच्या दूरध्वनीवरील संभाषणाला बेकायदा हस्तक्षेपापासून न्यायालये संरक्षण देतील, असेही त्याच निकालात नमूद केले. पुढे १९९६ साली दूरध्वनीवरील खाजगी संभाषण हा एकांताच्या हक्काचा भाग मानला गेला, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने एकांताला मूलभूत हक्काचे स्थान दिले. अन्य देशांत नियम भिन्न आहेत: अमेरिकेच्या संघीय कायद्यात संभाषणातील एकाची संमती पुरते, तर जर्मनीत खाजगीत बोललेला शब्द परवानगीवाचून मुद्रित करणे हा फौजदारी गुन्हाच आहे. आपल्याकडे पत्रकारांसाठी सर्वांत स्पष्ट वचन भारतीय प्रेस परिषदेच्या आचारनियमांत आहे. त्यांचा आशय असा की, कोणाचेही संभाषण त्याला कळू न देता किंवा त्याच्या संमतीवाचून वृत्तपत्राने मुद्रित करू नये. अपवाद दोन, पत्रकाराला न्यायालयीन कारवाईत स्वसंरक्षणासाठी ते आवश्यक असेल तेव्हा, किंवा अन्य एखादे सबळ कारण असेल तेव्हा. परिषदेचा हा दंडक मला योग्य वाटतो. परंतु ‘सबळ कारण’ या शब्दांतून हव्या तेवढ्या सबबी बाहेर काढता येतात, आणि म्हणूनच त्यांचा अर्थ धर्मबुद्धीने ठरविला पाहिजे.

तो ठरविताना मलकानी खटल्याची नैतिक बाजू न्याहाळावी. तेथे ज्याचा आवाज मुद्रित झाला तो सत्ताधारी होता. ज्या कामात मुद्रित झाला ते त्याच्या सरकारी पदाचे काम होते. आणि ज्याने संमती दिली त्याच्यामार्फतच पैसा मागितला जात होता. गुप्तता दुर्बळाच्या हातात होती आणि तिचा रोख सबळाकडे होता. हीच गोष्ट मी अपवादाची मर्यादा मानतो. सार्वजनिक पदावर बसून, त्या पदाच्या व्यवहारात, अन्याय करणाऱ्याचे संभाषण त्याच्या नकळत मुद्रित करण्याचा प्रसंग पत्रकारावर येऊ शकतो. मात्र तो अन्याय उघड करण्याचा दुसरा कोणताही मार्ग शिल्लक नसला पाहिजे, आणि मुद्रण प्रसिद्ध करताना ते कसे मिळविले हे वाचकाला, संजयाने सांगितले तसे, उघडपणे सांगण्याची तयारी असली पाहिजे. जे साधन वाचकासमोर कबूल करता येत नाही ते साधन त्याज्य आहे. याच्या उलट दिशेने, म्हणजे सत्ताहीन माणसाच्या नकळत त्याचा आवाज घेण्याला, कोणतेही सबळ कारण मला मान्य नाही. मजुराने दिलेली माहिती फार महत्त्वाची होती, हे कारण तर मुळीच नाही. माहिती जितकी महत्त्वाची तितका त्याच्यावरचा धोका मोठा, आणि धोका पत्करावयाचा की नाही हे ज्याच्या माथी तो येणार त्यानेच ठरवावयाचे असते.

स्वसंरक्षणाच्या अपवादाविषयीही सावध राहिले पाहिजे. ‘उद्या हा माणूस आपले म्हणणे नाकारील’ ही भीती प्रत्येक बातमीच्या बाबतीत दाखविता येते, आणि मग अपवादाने नियमच गिळला जातो. वस्तुतः सांगून केलेले मुद्रण हे न सांगता केलेल्या मुद्रणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, संरक्षण देते. कारण त्यात बोलणाऱ्याचा होकारही मुद्रित झालेला असतो. येथे फौजदारी कायद्यातील एक तरतूद मला मार्गदर्शक वाटते. आरोपीचा कबुलीजबाब नोंदविण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने त्याला समजावून सांगावे लागते की, तू कबुली देण्यास बांधलेला नाहीस आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध पुराव्यात वापरली जाऊ शकेल. जुन्या संहितेच्या कलम १६४ मध्ये हे होते आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ मध्येही ते कायम आहे. ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे त्याला राज्यसंस्था जी जाणीव देते, ती जाणीव ज्याने कोणताही अपराध केलेला नाही अशा शेतकऱ्याला देण्यास वार्ताहराने का कचरावे?

जाणीव देणे म्हणजे काय, हेही नीट समजून घेतले पाहिजे. ‘हे संभाषण मुद्रित होत आहे’ असे यंत्राने परक्या भाषेत उद्घोषित केले की काम भागले, असे नाही. भुसावळ, यावल, रावेरच्या पट्ट्यात लेवा बोली चालते, धुळ्याकडे अहिराणी. ज्या बोलीत माणूस आपले दुःख सांगतो त्याच बोलीत त्याला विचारले गेले पाहिजे की, नाना, मी तुमचे बोलणे टेप करतो आहे, ते अमुक बातमीसाठी आहे, आवाज कोणाला ऐकविणार नाही किंवा ऐकविणार आहे, चालेल ना? मध्येच तो म्हणाला, ‘एवढे घेऊ नका भाऊ’, तर यंत्र त्या क्षणी थांबले पाहिजे. लेखणी थांबली आणि यंत्र चालूच राहिले, तर ती अमानतीत खयानत आहे. लेखी दस्तऐवजाशी ज्यांचा फारसा संबंध नाही अशांच्या बाबतीत ही दक्षता दुप्पट आवश्यक आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची सारी प्रतिभा कंठात वसत होती, आणि पुत्र सोपानदेव व घरातील माणसांनी ती कागदावर उतरविली म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ती महाराष्ट्रापुढे आली. ज्याला वाचता येते तो छापलेले पाहून चूक दाखवू शकतो, खुलासा पाठवू शकतो. ज्याचे सारे ज्ञान आणि सारी साक्ष केवळ स्वरात आहे, त्याला तो स्वर हाच एकमेव दस्तऐवज असतो, आणि तो हाती घेणाऱ्याने घरच्या माणसाच्या निष्ठेने वागले पाहिजे.

संमती मिळाल्यानंतरही व्रत संपत नाही. तेथे अपरिग्रह सुरू होतो. बातमी छापून झाली, तक्रारीची वा दाव्याची मुदत उलटली, तरी शेकडो माणसांचे आवाज फोनमध्ये आणि दूरच्या सर्व्हरवर साठत राहतात. फोन हरवतो, विकला जातो, जप्त होतो. आणि जप्त झालेल्या फोनात एका प्रकरणासाठी घेतलेल्या आवाजाबरोबर इतर साऱ्यांचे आवाजही सरकारी दप्तरी जातात. जे जपण्याची शक्ती आपल्यात नाही ते साठवू नये, आणि ज्याचे प्रयोजन संपले ते पुसून टाकावे, हा नियम संन्याशासाठी सांगितला गेला असला, तरी पत्रकाराला तो आज अधिक लागू आहे.

राहिला अखेरचा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप: सांगितले की लोक गप्प होतात. होय, काही जण होतात. काही सत्ये त्यामुळे आपल्या हातून निसटतील, काही अन्याय उशिरा उघडकीस येतील, आणि ही हानी खरी आहे. ती नाकारून मला माझा पक्ष सोपा करावयाचा नाही. परंतु माणूस सावध झाल्यामुळे जे बोलला नाही, ते द्यावयाचे नाही असे त्याने ठरविले होते. तो निर्णय हिरावून घेऊन मिळविलेले सत्य ज्याच्या हितासाठी मिळविले असे आपण म्हणतो, त्यालाच आपण प्रथम अंधारात ठेवलेले असते. शिवाय सावधपणे, शब्द तोलून, परिणाम पत्करून बोललेले वाक्य न्यायाच्या कामी अधिक टिकते, कारण उद्या त्याच्या मागे तो माणूस स्वतः उभा राहतो.

म्हणून प्रत्येक मुद्रणाच्या वेळी वार्ताहराने स्वतःला एकच कसोटी लावावी: ज्याचा हा आवाज आहे त्याला समोर बसवून, त्याच्या डोळ्यांत पाहून, मी हा निःसंकोच वाजवू शकेन काय? सत्ताधाऱ्याविरुद्धच्या क्वचित अपवादात उत्तर असे असावे की, होय, आणि मी हा का घेतला हेही त्याला भर सभेत सांगेन. इतर सर्व प्रसंगी उत्तर असे असावे की, होय, कारण मी विचारले होते आणि त्याने दिला होता. ज्या मुद्रणाविषयी यांपैकी कोणतेही उत्तर देता येत नाही, त्याने मिळणारी बातमी कितीही मोठी असो, ती सोडून देण्याचे बळ पत्रकारात असले पाहिजे. कारण राखेने माखलेल्या शेतावरून बोलणारा माणूस जेव्हा वार्ताहरावर विश्वास टाकतो, तेव्हा त्याच्याजवळ दुसरी कोणतीही सत्ता उरलेली नसते, आणि त्या विश्वासाचे रक्षण करणे हाच वृत्तपत्राच्या अस्तित्वाचा पहिला आधार आहे.